उभं राहताच धडधड, रक्तात गुठळ्या: या दोन आजारांची गाठ कुठे पडते?

कोव्हिडच्या लाटा ओसरल्या, पण दोन बातम्या येतच राहिल्या. आजारातून उठलेले तरुण लोक महिनोन्महिने सांगत होते की उभं राहिलं की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं चालेनासं होतं. दुसरीकडे कोव्हिडमुळे रक्तात गुठळ्या होतात, हेही छापून येत होतं. ज्यांनी दोन्ही वाचलं आणि ज्यांची स्वतःचीच छाती उभं राहिल्यावर धडधडते, त्यांना पुढचा प्रश्न पडणारच: माझ्याही रक्तात गुठळ्या होत असतील का?

उत्तर आधीच देऊन टाकू. उभं राहिल्यावर धडधड आणणारा पॉट्स आणि रक्तात गुठळ्या करणारा एपीएस, या दोन आजारांत संबंध आहे, पण तो थोड्याच रुग्णांपुरता आहे. उभं राहिल्यावर धडधडणाऱ्या बहुतेकांना गुठळ्यांचा आजार नसतो. मात्र ज्या थोड्यांना दोन्ही असतात, त्यांच्यात एका आजाराचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं आणि एकाचं लक्षण दुसऱ्याच्या खात्यावर मांडलं जातं. खरा धोका तिथे आहे.

उभं राहणं वाटतं तितकं सोपं नाही

आपण आडवे असतो तेव्हा रक्त शरीरभर बऱ्यापैकी सारखं पसरलेलं असतं. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब मोजणारे संवेदक असतात. ते मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांत पायांच्या शिरा आवळल्या जातात, ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढतात, दाब सावरतो. आपल्याला यातलं काही जाणवतही नाही. हे सगळं करणारी यंत्रणा म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था. घाम, पचन, लघवी, बाहुलीचं आकुंचन हीसुद्धा तिचीच कामं.

ती बिघडली की काय होतं ते बिघाडावर अवलंबून आहे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने पडला आणि तसाच राहिला, तर त्याला उभं राहिल्यावरचा रक्तदाबपात म्हणतात. दाब न पडता ठोकेच दहा मिनिटांच्या आत ३० किंवा त्याहून जास्त वाढले (१२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४०), हे किमान तीन महिने चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर तो पॉट्स (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम). १९९३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी या लक्षणसमूहाची आजची ओळख पक्की केली. रुग्णांत पंधरा ते पन्नास वयाच्या बायका बहुसंख्य असतात. त्यामुळेच की काय, हा त्रास ‘टेन्शनमुळे होतं’ म्हणून वर्षानुवर्षं झटकला गेला.

‘दुसरं कारण सापडलं नाही तर’ ही अट नुसती औपचारिक नाही. इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाणी चढवणारा पंप जोरजोरात धावत असेल, तर दोष पंपाचाच असतो असं नाही. खालच्या टाकीत पाणी कमी असेल, पाइप ढिले पडून पाणी मध्येच साठत असेल किंवा कुठेतरी पाइप तुंबला असेल. पंप तिन्ही वेळा सारखाच धावतो. हृदयाचं तसंच आहे. शरीरात पाणी किंवा रक्त कमी, शिरा आवळणारे मज्जातंतू दुबळे, किंवा फुप्फुसाच्या वाटेत गुठळी: नाडी तिन्हींत वेगानेच चालते.

आता दुसरा आजार: रक्त गोठवणारी प्रतिकारशक्ती

प्रतिकारशक्ती जंतूंविरुद्ध जी हत्यारं बनवते त्यांना अँटिबॉडी म्हणतात. कधी ती स्वतःच्याच शरीरातल्या प्रथिनांवर उलटतात. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणायचं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, हा त्यातलाच एक. १९८३ मध्ये लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी त्याचं चित्र मांडलं, म्हणून त्याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

यात अँटिबॉडींचं मुख्य लक्ष्य असतं बीटा-२ ग्लायकोप्रोटीन हे रक्तातलं एक प्रथिन. पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाला ते चिकटतं. अँटिबॉडी त्याला येऊन भिडली की रक्तवाहिनीचं अस्तर, रक्तातल्या चपट्या पेशी (प्लेटलेट) आणि गोठण्याची साखळी सगळंच चेतवलं जातं. रोज गुठळी होते असं नाही. बहुधा वरून आणखी एखादा धक्का बसावा लागतो: शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, लांबचा बैठा प्रवास, गर्भारपण, इस्ट्रोजेनची गोळी. मग पायातल्या खोल शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूच्या धमनीत गुठळी बसते. शिरेतल्या गुठळ्यांत पाय आघाडीवर, धमनीतल्यांत मेंदूचा झटका. वारंवार गर्भपात हे या आजाराचं दुसरं तोंड.

मग या दोघांची गाठ पडते तरी कुठे?

तीन वाटा संभवतात.

पहिली, रक्तपुरवठ्याची. मज्जातंतूंनाही जगायला रक्त लागतं आणि ते केसाहून बारीक वाहिन्यांतून येतं. तिथे सूक्ष्म गुठळ्या झाल्या तर तंतू उपाशी मरतात. त्यातही शिरा आवळणारे, घाम आणणारे तंतू सर्वांत बारीक, त्यांच्यावर मेदाचं जाड वेष्टन नसतं किंवा अगदी पातळ असतं. म्हणून झळ त्यांना आधी लागते. दुसरी वाट थेट हल्ल्याची: या अँटिबॉडी मज्जापेशींच्या आवरणाला चिकटू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. अशा वेळी गुठळी न होताही तंतूंचं काम बिघडू शकतं. तिसरी वाट सगळ्यांत साधी, आणि बऱ्याच जणांत तीच खरी असावी: ज्याला एक स्वयंप्रतिकार आजार होतो त्याला दुसरा होण्याची शक्यता मुळातच जास्त. ल्युपस आणि शोग्रेन या स्वयंप्रतिकार आजारांत स्वायत्त मज्जासंस्थाही बिघडते आणि याच अँटिबॉडीही सापडतात. दोघं शेजारी दिसले म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही.

पुरावा किती पक्का आहे?

मध्यम. २०१४ साली ‘ल्युपस’ या वैद्यकीय नियतकालिकात एपीएस आणि स्वायत्त मज्जासंस्थेचे विकार एकत्र असलेल्या १५ रुग्णांची नोंद आली. लेखकांत खुद्द ह्यूज होते. पॉट्स त्यात ठळक होता. २०१५ मध्ये पॉट्सच्या १०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या पाचांपैकी एकाला कुठला ना कुठला स्वयंप्रतिकार आजार होता, आणि त्यात सर्वांत जास्त होता हाशिमोटोचा थायरॉइड विकार, गुठळ्यांचा नव्हे. एपीएसच्या रुग्णांत ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार कमी होतो, म्हणजे हृदयावरचं स्वायत्त नियंत्रण सैल पडतं, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे.

१५ रुग्णांवरून नियम बनत नाही. शिवाय या क्षेत्रात एकदा हात पोळले आहेत. पॉट्सच्या रुग्णांत ॲड्रेनॅलिनच्या ग्राहकांविरुद्ध (म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या पेशींवरच्या प्रथिनांविरुद्ध) अँटिबॉडी सापडतात असं काही वर्षं जोरात सांगितलं गेलं, त्यांच्या महागड्या तपासण्या निघाल्या. २०२२ मध्ये नेहमीच्या प्रयोगशाळा पद्धतीने रुग्ण आणि निरोगी लोक शेजारी ठेवून मोजलं, तर दोघांत फरक निघाला नाही. तेव्हा ‘पॉट्स हा स्वयंप्रतिकार आजारच आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडे जरा संशयाने पाहायला हरकत नाही.

याला सणसणीत अपवाद आहे. स्वायत्त गँग्लिऑनोपॅथी या दुर्मीळ आजारात मज्जातंतूंच्या सांध्यावरच्या ग्राहकाविरुद्धची अँटिबॉडी खरोखर सापडते आणि तीच आजार घडवते. यात रक्तदाब कोसळतो, तोंड-डोळे कोरडे पडतात, घाम बंद होतो, आतड्याची हालचाल मंदावते. पण याचा गुठळ्यांशी संबंध नाही.

कोव्हिडचं आणि लशीचं काय?

२०२० मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या १७२ कोव्हिड रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा जवळपास निम्म्यांत कुठली तरी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडली. आकडा घाबरवणारा आहे, पण संसर्गानंतर अशा अँटिबॉडी उगवणं जुनंच आहे. अनेक जंतूंनंतर त्या येतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. एपीएसमधल्या अँटिबॉडी मुक्कामाला असतात.

ॲडिनोव्हायरसवर आधारलेल्या लशींनंतर क्वचित झालेल्या गुठळ्यांचा, २०२१ मध्ये गाजलेला प्रकार वेगळाच. तिथली अँटिबॉडी प्लेटलेट फॅक्टर-४ या प्रथिनाविरुद्ध असते, प्लेटलेट झपाट्याने घसरतात आणि लस घेतल्यावर साधारण चार दिवस ते दीड महिना एवढ्याच काळात हे घडतं. एपीएसच्या चाचणीत तो पकडता येत नाही. दोन्ही प्रकारांची खिचडी करू नये.

ही धडधड कुणाची?

इथे चूक महागात पडते, म्हणून जरा थांबून पाहू.

पॉट्सची धडधड शरीराच्या स्थितीशी बांधलेली असते. उभं राहिलं की सुरू, आडवं झालं की काही मिनिटांत उतरते. फुप्फुसात गुठळी बसली असेल तर आडवं होऊनही दम आणि वेग जात नाहीत. खोल श्वास घेताना बरगडीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू कमी दिसला तर धोका उघड आहे, पण आकडा चांगला आला म्हणून गुठळी नाही असं ठरत नाही.

पाय पाहा. पॉट्समध्ये उभं राहिल्यावर दोन्ही पाय खालून जांभळट होतात आणि पाय वर घेतले की रंग निवळतो. गुठळीत एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, गरम लागते, आणि पाय वर केल्याने फारसा फरक पडत नाही. मांडीवर किंवा हातावर जाळ्यासारखी निळी-जांभळी नक्षी असेल, तुटक तुटक आणि ऊब दिल्यावरही न जाणारी, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा. थंडीत उमटून उबेने मावळणारी जाळी बऱ्याच निरोगी लोकांत असते.

डोकेदुखीतही असाच भेद आहे. पॉट्सची डोकेदुखी उभं राहिल्यावर वाढते. मेंदूतल्या शिरेच्या गुठळीची डोकेदुखी चिकाटीने दिवसागणिक वाढते. आडवं झाल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर जास्त होते, दिसायला अंधूक होतं. डोकं जड होणं, शब्द न सुचणं पॉट्समध्ये येत-जात असतं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोली अचानक अडखळणं यांचा पॉट्सशी काही संबंध नाही. तेव्हा तडक रुग्णालय गाठायचं.

आणि एक गोष्ट हमखास निसटते. एपीएसमध्ये मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या शिरेत गुठळी होऊन ग्रंथीत रक्तस्राव होऊ शकतो. मग शरीराला लागणारं स्टेरॉइड बनत नाही. उभं राहिल्यावर दाब कोसळतो, मळमळ, कमालीचा अशक्तपणा, पोटात किंवा कुशीत दुखणं, रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. वरवर पाहता हे स्वायत्त मज्जासंस्थेच्या बिघाडासारखंच दिसतं, पण मीठ-पाण्याने बरं होत नाही आणि स्टेरॉइड वेळेत मिळालं नाही तर जीव जातो. एपीएसच्या रुग्णाचा दाब नव्यानेच पडू लागला, की सकाळच्या कॉर्टिसोलची (या ग्रंथींत बनणाऱ्या त्याच स्टेरॉइडची) तपासणी मागा. कुशीत दुखत असेल किंवा उलट्या होत असतील तर सकाळचीही वाट न पाहता दवाखान्यात जा.

घरच्या घरी मोजणी

दहा मिनिटांची ही मोजणी डॉक्टरांच्या बऱ्याच शंका दूर करते. सकाळी, चहा-कॉफीच्या आधी करा. पाच ते दहा मिनिटं शांत आडवं राहा, मग रक्तदाब आणि नाडी नोंदवा. उभं राहून पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. हलायचं नाही, बोलायचं नाही, पोटऱ्या आवळायच्या नाहीत. पायांची चुळबुळ रक्त वर ढकलते आणि निकाल खोटाच चांगला येतो. १, ३, ५, ७ आणि १० मिनिटांनी दाब, नाडी आणि त्या वेळी काय वाटतंय ते लिहा. शेजारी कुणीतरी हवंच. घेरी येतेय असं वाटलं की लगेच आडवं व्हा. तो क्षण आणि तेव्हाचे आकडे हाही निकालच आहे. चालू औषधं मोजणीसाठी परस्पर बंद करू नका. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड या तीन तपासण्या झालेल्या असाव्यात. लोह कमी असलेल्या बाईची नाडी उभं राहिल्यावर धावते, यात नवल ते काय!

गुठळ्यांच्या अँटिबॉडी कुणी तपासाव्यात?

धडधडणाऱ्या प्रत्येकाने नाही. आधी कधी गुठळी झाली असेल. तरुण वयात मेंदूचा झटका आला असेल. लागोपाठ तीन गर्भपात किंवा दहा आठवड्यांनंतर एकदाही गर्भ दगावला असेल. ३४ आठवड्यांच्या आत तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब धोकादायक चढण्याचा आजार) झाला असेल. प्लेटलेट विनाकारण कमी असतील. ती न मावळणारी जाळी असेल किंवा ल्युपस असेल, तर तपासायला हवं. नुसत्या पॉट्ससाठी सरसकट तपासलं तर हाती काय लागेल? निरोगी लोकांतही शंभरात एक ते पाच जणांत या अँटिबॉडी थोड्याफार असतात. म्हणजे आजार नसताना भीती लागेल.

चाचण्या तीन: अँटिकार्डिओलिपिन, अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट. पहिल्या दोन अँटिबॉडीचं प्रमाण मोजतात. तिसरी अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. तिच्यात रक्तद्रव गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतात, आणि गोठवायला वापरतात चक्क घोणसाचं विष, अतिशय पातळ केलेलं. ते गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चेतवतं. या क्रियेला फॉस्फोलिपिड लागतं. रुग्णाच्या अँटिबॉडी ते अडवून बसतात म्हणून नळीत रक्त गोठायला उशीर लागतो. शरीरात मात्र याच अँटिबॉडी गुठळ्या करतात. मग निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळून पाहतात: उशीर भरून निघाला तर एखादा घटकच कमी होता, नाही निघाला तर अडवणारं काहीतरी आहे. शेवटी भरपूर फॉस्फोलिपिड घालून खात्री करतात.

ही चाचणी बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल, तर सायट्रेट जास्त होऊन वेळ खोटाच लांबतो. रक्तद्रव यंत्रात दोनदा नीट फिरवून प्लेटलेट काढल्या नाहीत, तर उरलेल्या प्लेटलेट स्वतःच फॉस्फोलिपिड पुरवतात आणि खरा दोष झाकला जातो. सर्वांत मोठी गफलत औषधांची. वॉरफरिन, हेपारिन आणि रिव्हरॉक्सॅबानसारख्या नव्या गोळ्या ही रक्त पातळ करणारी औषधं निकाल बिघडवतात. रिव्हरॉक्सॅबानने तर आजार नसताना चाचणी सकारात्मक येऊ शकते. म्हणून शक्य असेल तिथे हे रक्त औषध सुरू करण्याआधी काढावं. पण त्यापायी तातडीचं औषध थांबवायचं नाही! पहिल्या दोन चाचण्यांना या गोळ्यांची बाधा होत नाही, त्या केव्हाही होतात.

‘रिपोर्ट सकारात्मक आला, म्हणजे मला एपीएस?’

एका रिपोर्टवर नाही. किमान १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची. संसर्गाने आलेल्या अँटिबॉडी तोवर गेलेल्या असतात. प्रमाणही महत्त्वाचं: साधारण ४० एककांच्या खालच्या आकड्याला फारसं वजन नाही, ८० च्या वरचा आकडा जड. अँटिबॉडीच्या दोन प्रकारांपैकी आयजीजी ही आयजीएमपेक्षा जास्त बोलकी; २०२३ च्या नव्या वर्गीकरण निकषांत नुसत्या आयजीएमला फार कमी गुण आहेत. तिन्ही चाचण्या सकारात्मक असणाऱ्याला गुठळीचा धोका सर्वांत जास्त. आणि अँटिबॉडी टिकून असल्या तरी गुठळी किंवा गर्भारपणातली गुंतागुंत कधी झालीच नसेल, तर त्याला सहसा एपीएस म्हणत नाहीत. अशा माणसाला, विशेषतः तिन्ही चाचण्या सकारात्मक असतील तर, डॉक्टर रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुचवतात. रक्त पातळ करण्याची जोरदार औषधं लागत नाहीत.

‘पण रक्त पातळ केल्यावर माझी धडधड गेली तर?’ एपीएस असलेल्या काही रुग्णांचा त्रास त्या औषधांनी कमी झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. औषध आणि खोटी गोळी यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केलेला अभ्यास नाही. केवळ पॉट्ससाठी रक्त पातळ करायचं म्हणजे घेरी येऊन पडणाऱ्या माणसाला रक्तस्रावाच्या तोंडी द्यायचं. हा सौदा परवडत नाही.

दोन्ही आजार असतील तर औषधं एकमेकांच्या आड येतात

पक्क्या एपीएसमध्ये शिरेत गुठळी झाली असेल तर बहुधा आयुष्यभर वॉरफरिन, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये. नव्या गोळ्या सोयीच्या वाटतात, पण २०१८ मध्ये तिन्ही चाचण्या सकारात्मक असलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबान आणि वॉरफरिनची तुलना झाली, तेव्हा रिव्हरॉक्सॅबानवर मेंदूचे आणि हृदयाचे झटके जास्त आल्याने अभ्यास मध्येच थांबवावा लागला. बोट टोचून आयएनआर सांगणारी यंत्रंही काही एपीएस रुग्णांत चुकीचा, बहुधा वाढीव, आकडा दाखवतात. शिरेतल्या रक्ताशी तो अधूनमधून ताडून पाहावा.

वॉरफरिनवर असलेल्याला घेरी आली आणि डोकं आपटलं, तर बाहेर जखम नसली तरी तपासणी हवी. म्हणून अशा रुग्णात पडणं टाळण्याचे उपाय आधी करायचे: उठण्याआधी अर्धा लिटर पाणी दोन-तीन मिनिटांत पिणं, अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसणं, पायांची आढी घालून मांड्या आवळणं, अंघोळ बसून आणि कोमट पाण्याने.

पाणी दिवसाला २ ते ३ लिटर आणि जास्तीचं मीठ (एकूण ८ ते १० ग्रॅमपर्यंत) ही पॉट्सची पहिली पायरी. पाणी गुठळीच्या दृष्टीनेही बरंच. मिठाचं तसं नाही: एपीएसमध्ये मूत्रपिंडाच्या वाहिन्या बाधित होऊन रक्तदाब चढलेला असू शकतो. आधी दाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) पाहायचं, मगच मीठ वाढवायचं. घट्ट मोजे कंबरेपर्यंतचे, ३० ते ४० मिलिमीटर दाबाचे लागतात, घोट्यापुरत्या मोज्यांचा उपयोग नाही. पण पायाच्या धमनीत अडथळा असेल तर तेच मोजे घातक. पायाच्या नाड्या डॉक्टरांनी तपासलेल्या असाव्यात.

मिडोड्रिन शिरा आवळतं, आणि माणूस आडवा झाला की दाब नको तितका चढवतं. रक्त पातळ असताना मेंदूत रक्तस्राव व्हायला तेवढं पुरतं. शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी घ्यावी, आडवं असतानाचा दाबही मोजावा. फ्लुड्रोकॉर्टिसोनने पोटॅशियम उतरतं. प्रोप्रानोलॉल कमी मात्रेत, १० ते २० मिलिग्रॅम, धडधडीला चांगलं लागू पडतं, मात्र थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्यांचा तो त्रास वाढवतं.

याहून गंभीर अशा तीन जागा आहेत. पॉट्सच्या काही रुग्णांना वरचेवर सलाइन द्यावं लागतं म्हणून छातीत कायमची नळी किंवा पोर्ट बसवतात. एपीएसमध्ये त्या नळीभोवती गुठळी होण्याचा धोका मोठा आहे, तो मार्ग शक्यतो टाळावा. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) शिरेतून देणं, म्हणजे आयव्हीआयजी, स्वयंप्रतिकार मज्जाविकारांत उपयोगी पडतं, पण त्याच्या वेष्टनावरच गुठळीचा इशारा छापलेला असतो. द्यायचंच तर भरपूर पाणी पाजून, अगदी सावकाश, आणि गुठळीविरोधी औषध चालू असताना. तिसरी जागा पाळीची. पाळीच्या दिवसांत पॉट्स बळावतो म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जातात. एपीएसमध्ये त्या वर्ज्य. वॉरफरिनमुळे पाळी जास्त जाते, लोह घटतं आणि धडधड वाढते. हा रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड सहज लिहून दिलं जातं, पण गुठळी होऊन गेलेल्या बाईने ते रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन रक्तस्राव कमी करतं आणि त्यात इस्ट्रोजेन नसतं, म्हणून बऱ्याचदा निवड त्याची होते.

अंथरुणाला खिळून राहणं दोन्ही आजारांना वाईट. व्यायाम आडव्या स्थितीतून सुरू करावा: टेकून बसून चालवायची सायकल, वल्हवण्याचं यंत्र, पोहणं. उभ्याने करायचे व्यायाम एक-दोन महिन्यांनी, हळूहळू.

गर्भारपणाचा बेत असेल तर

वॉरफरिन गर्भाला अपाय करतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. आयव्हाब्रॅडिन हे पॉट्सचं औषधही गर्भारपणात चालत नाही. म्हणून पाळी चुकल्यावर नव्हे, त्याआधीच डॉक्टरांना भेटायचं. एपीएसमध्ये गर्भारपणात कमी मात्रेतलं ॲस्पिरिन आणि पोटावर टोचायचं हेपारिन देतात, आणि बाळंतपणानंतरही साधारण सहा आठवडे चालू ठेवतात, कारण गुठळीचा धोका तेव्हा ऐन भरात असतो. नेमक्या त्याच आठवड्यांत जागरण, कमी झालेलं हिमोग्लोबिन आणि स्तनपानामुळे घटलेलं पाणी यांमुळे धडधडही वाढलेली असते. अशा बाळंतिणीला दम लागला तर ‘तिला पॉट्स आहेच’ म्हणून सोडून देऊ नये. तिच्या फुप्फुसांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.